चार नंबरच्या ठशाची जबानी

मित्रांनो, तुमच्या मधल्या बोटाएवढा लांब, पोलादाचा आणि डोक्याकडून पार चेपलेला असा एक जुना ठसा म्हणजे मी. माझ्या तोंडावर एक वर्तुळ कोरले आहे, वर्तुळात एक आडवी रेघ आहे आणि रेघेखाली चारचा आकडा. डोक्यात हातोडा खायचा आणि तोंडाने खूण उमटवायची, एवढाच माझा जन्मभराचा उद्योग. तुमच्यापैकी काहीजण घरात टपल्या खात असतील. माझ्या मानाने तुम्ही सुखात आहात.

आपली जीवनकथा सांगायला बसले की जो तो आपण किती कामाला आलो ते सांगतो. मीही सांगणार आहे, कारण थोडी फुशारकी मारल्याशिवाय मला राहवत नाही. पण खरे सांगायचे ते वेगळेच आहे. माझ्या तोंडून एकदा खोटे उमटले आणि त्यात सहा माणसे गेली. मी कोणाला फसवायला निघालो नव्हतो, आणि ज्याच्या हातात मी होतो तोही निघाला नव्हता.

आमची कंपनी सुरू झाली ती एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे दोन भागीदार लोकांच्या बिघडलेल्या लॉऱ्या दुरुस्त करत. दुसऱ्यांच्या गाड्या इतक्या वेळा उघडून पुन्हा जोडल्या, तर आपली स्वतःची का जोडू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. दोन वर्षे खपून त्यांनी पहिली लॉरी तयार केली. शेडच्या मागे एक उतार होता. त्यावरून लॉरी खाली आणून पाहायचे ठरले. एकजण चालवत होता आणि दुसरा खाली उभा राहून हाताने खुणा करत होता. ब्रेक लागला नाही. खाली उभा असलेला भागीदार जागच्या जागी गेला.

जो उरला, त्याला पुढे सगळे मालक म्हणू लागले. सहा महिने त्याने हातात पाना धरला नाही. मग एक दिवस उठला आणि दुसरी लॉरी जोडायला लागला. ती तयार झाली तेव्हा त्याने उताराच्या पायथ्याशी चुन्याने एक रेघ ओढली, स्वतः त्या रेषेवर जाऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगितले. लॉरी त्याच्यापासून तीन पावलांवर थांबली. त्या दिवसापासून कंपनीचा नियम झाला. ज्याने गाडीचा ब्रेक बसवला त्याने रेषेवर उभे राहायचे. गाडी रेषेआधी थांबली तर त्यानेच आपल्या हाताने आपला ठसा पुढच्या आसावर, म्हणजे पुढची दोन चाके ज्या जाड दांड्यावर बसतात त्याच्यावर, मारायचा.

या नियमासाठी मालकाने एका कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडून बारा ठसे करून घेतले. त्यातला चौथा मी. वर्तुळ म्हणजे चाक, रेघ म्हणजे ती रेषा, आणि आकडा म्हणजे रेषेवर कोण उभा होता त्याचा क्रमांक. ब्रेक बसवणाऱ्या प्रत्येक फिटरला एकेक ठसा मिळाला. तो रात्रंदिवस त्याच्याकडेच असायचा. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, असा दंडक होता.

मित्रांनो, तेव्हा आमचा थाट काही और होता. लोक आमच्या गाडीला रेषेवाली गाडी म्हणत. गिऱ्हाईक आले की आधी इंजिन बघत नसे, कोट सांभाळत खाली वाकून आसावर बोट फिरवत असे. बोटाला माझी खूण लागली की त्याचा चेहरा सैल व्हायचा. शेडचा कारखाना झाला, कारखान्याला भोंगा आला, तीनशे माणसांची कँटीन आली. दरवर्षीच्या कॅलेंडरवर एकच चित्र छापलेले असे. उतार, खाली येणारी गाडी आणि रेषेवर छाती काढून उभा असलेला फिटर. चुन्याच्या जागी आता पांढरा ऑइलपेंट आला होता, पण रेषा तिथेच होती.

चूक कुठे झाली म्हणाल, तर ती इथेच झाली. रेषा तिथेच राहिली आणि गाड्या वाढल्या.

पहिल्या लॉरीच्या दुप्पट वजनाची मोठी बस आम्ही काढली तेव्हा मालक अंथरुणाला खिळले होते. त्या वेळी मी ज्याच्याकडे होतो त्याला सगळे उस्ताद म्हणत. पहिली मोठी बस उतारावरून आली तेव्हा उस्ताद रेषेवर उभा होता. ब्रेक कंपनीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बरोबर बसवला होता आणि बरोबर लागलाही. पण एवढे वजन तेवढ्या जागेत थांबणार कसे? बस रेषा ओलांडून पुढे आली. उस्ताद बाजूला उडी मारायला गेला, तरी उजव्या पायाची तीन बोटे गेली.

तेव्हाच कोणीतरी रेषा मागे न्यायला हवी होती. ब्रशभर रंगाचे काम होते. पण मालकाच्या हाताने ओढलेली रेषा पुसायची कोणी? कॅलेंडरवरची रेषा, जाहिरातीतली रेषा. उस्तादने एकदा विषय काढला तर साहेब लोकांनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने देवघरात चपला घातल्या होत्या. तो गप्प बसला आणि त्याने आपल्या परीने तोड काढली. उतारावर जाण्याआधी ब्रेकचा नट पान्याने अर्धा फेरा जास्त आवळायचा. मग गाडी कशी चापून थांबते, रेषेच्या चार पावले अलीकडे. ठसा मारायचा, गाडी शेडमध्ये परत न्यायची आणि तो अर्धा फेरा गुपचूप काढून टाकायचा.

काढायचा का, ते सांगतो. नट जास्त आवळला की ब्रेकचा लायनर, म्हणजे आतली धरणारी पट्टी, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला सतत घासत राहतो. सपाट रस्त्यावर हे कोणाला कळत नाही. पण लांब उतार लागला की आधीच तापलेला ब्रेक आणखी तापतो, आणि फार तापलेला ब्रेक धरत नाही.

बारा फिटर होते, बाराही जणांनी उस्तादची युक्ती उचलली. कोणी एकमेकांत बोलले नाही आणि वर साहेबांना तर कळूच दिले नाही. उस्ताद निवृत्त झाला तेव्हा त्याने मला आपल्या शागिर्दाच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "रेषेवर जाताना अर्धा फेरा दे. शेडमध्ये आल्यावर काढ. द्यायला विसरलास तर तू मरशील. काढायला विसरलास तर दुसरं कोणीतरी."

तो शागिर्द म्हणजे माझा मिस्तरी. माझी ही सगळी हकीकत त्याची आहे.

मिस्तरी बोलायला कमी आणि कामाला वाघ होता. मला तो खाकी अंगरख्याच्या डाव्या खिशात ठेवायचा. घरी गेल्यावर रॉकेलच्या बोळ्याने पुसून खिडकीत ठेवायचा, जेवायला बसला तरी नजर माझ्यावर. त्याची बायको म्हणायची, माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीत. आईवडील लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला त्यानेच वाढवले होते. भावाची फी त्याने भरली, भावाच्या मारामाऱ्या त्याने मिटवल्या, भावाने शेजाऱ्याची काच फोडली तेव्हा ती आपणच फोडली असे सांगून मारही त्यानेच खाल्ला. धाकटा मोठा झाला तेव्हा त्याला कंपनीत ड्रायव्हर म्हणून लावलेही मिस्तरीनेच. नव्या गाड्या गिऱ्हाइकाच्या गावी पोचवायचे त्याचे काम होते. धाकटा बडबड्या, हसरा, वाटेत भेटेल त्याला गाडीत घेणारा. कंपनीच्या गाडीत परका माणूस घ्यायचा नाही, हा नियम त्याने पाळल्याचे मला आठवत नाही.

आता हजाराव्या बसचा दिवस सांगतो.

तोवर मालक वारले होते आणि त्यांचा मुलगा कारभार पाहत होता. त्याला सगळे धाकटे मालक म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण शेडमध्ये त्याचे पाय कमी आणि ऑफिसात जास्त. हजाराव्या बसचा मोठा समारंभ करायचे त्याने ठरवले. ब्रेक बसवायचा मान मिस्तरीला मिळाला, आणि गाडी पोचवायचा मान धाकट्याला. दोघा भावांनी त्या सकाळी एकाच आरशासमोर दाढी केली.

उताराच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. फोटोग्राफर आला होता. मिस्तरीने नेहमीप्रमाणे अर्धा फेरा दिला, रेषेवर जाऊन उभा राहिला, बस झोकात खाली आली आणि चार पावलांवर थांबली. टाळ्या पडल्या. मिस्तरीने मला आसावर धरले आणि हातोडा मारला. इतका स्वच्छ ठसा माझ्या आयुष्यात क्वचितच उमटला असेल.

रोज यानंतर गाडी शेडमध्ये परत जायची. त्या दिवशी तसे झाले नाही. फोटोग्राफरने मिस्तरीला ओढून धाकट्या मालकांशेजारी उभे केले, कोणी त्याच्या गळ्यात हार घातला, कोणी आता शाल-श्रीफळही हवे म्हणून चेष्टा केली. तेवढ्यात धाकटे मालक म्हणाले की गाडी इथूनच, रेषेवरूनच रवाना होऊ द्या, फोटो चांगला येईल. धाकट्याने हॉर्न वाजवला, दादाला हात केला आणि बस फाटकाबाहेर गेली. मिस्तरीही हात हलवत होता. भावाचे कौतुक पाहून त्याचा ऊर भरून आला होता. अर्धा फेरा त्याच्या डोक्यातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, तो दुसऱ्या एका बसखाली आडवा पडून अर्धा फेरा काढत होता. पाना फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. मी खिशात होतो. त्याचे काळीज माझ्यावर आपटायला लागले ते मला अजून आठवते.

मित्रांनो, त्या क्षणी सगळे हातात होते. बस दोन दिवसांच्या रस्त्यावर होती. डोंगरापलीकडच्या गावी जायचे होते, आणि घाटमाथ्यावर एक चौकी होती, जिथे प्रत्येक गाडी थांबून नोंद करते. चौकीत फोन होता. धाकटा तिथे तीनच्या सुमारास पोचणार, हे मिस्तरीला पाठ होते. ऑफिसातून एक फोन गेला असता, तर धाकट्याने घाट उतरण्याआधी पाना काढून स्वतःच तो नट सैल केला असता. पाच मिनिटांचे काम.

मिस्तरी बसखालून निघाला. हात पुसले. ऑफिसपर्यंत गेला. टेबलावर फोन दिसत होता. टायपिस्टबाईंनी मान वर करून काय हवे म्हणून विचारले. काय सांगायचे? नट सैल करायला सांगा म्हटले, तर आवळला कोणी आणि का, हे विचारणार. मग अर्धा फेरा बाहेर येणार. बारा घरांच्या नोकऱ्या जाणार, उस्तादचे नाव जाणार, हजार गाड्यांवरचे ठसे लोकांच्या संशयात येणार. आणि धाकटा काही नवशिका नव्हता. गिअरवर गाडी उतरवेल, ब्रेकचा वास आला तर थांबेल. होईल काही नाही. असे सगळे त्याच्या मनात आले असणार, कारण तो टायपिस्टबाईंना काही नाही म्हणाला आणि मागे फिरला.

त्या दुपारी त्याने डबा उघडलाच नाही. साडेपाचला बातमी आली.

धाकट्याने घाटमाथ्यावर रस्त्याच्या कामावरचे आठ मजूर गाडीत घेतले होते. खालपर्यंत सोडतो म्हणाला होता. सातव्या वळणावर ब्रेकने धरणे सोडले. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून दरीत गेली नाही. तरी सहा माणसे गेली. धाकटा जगला. त्याचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

दवाखान्यात मिस्तरी रोज कामावरून थेट जायचा. लोखंडी खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचा. भावाला पाणी पाजायचा, त्याचे तोंड पुसायचा. धाकट्याची बायको दोन्ही मुलांना शेजारी ठेवून दिवसभर तिथे असायची. ती म्हणायची, दादा, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे. मी खिशात असायचो आणि मला वाटायचे की आता बोलेल, आता बोलेल. तो उशी सरळ करायचा आणि पुन्हा बसायचा.

इकडे कंपनीने चौकशी समिती नेमली. समितीने आसावरचा ठसा पाहिला. स्वच्छ होता, चार नंबरचा. म्हणजे ब्रेक ठीक. म्हणजे चूक ड्रायव्हरची. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला, त्यात परकी माणसे घेतली, असा निष्कर्ष निघाला. मोडलेली बस भंगारात गेली. धाकट्याने तसे लिहून दिले की कोर्टात केस चालणार आणि तो तुरुंगात जाणार, हे ठरल्यासारखे होते.

सगळ्यात वाईट हे, की धाकट्यालाही ते खरे वाटत होते. तो रोज तीच सात वळणे मनात उतरायचा. मी कुठे चुकलो, दादा, असे विचारायचा. मी दुसऱ्यावर होतो की तिसऱ्या गिअरवर? मग आपणच म्हणायचा की तिसऱ्यावरच असणार, बोलण्याच्या नादात असणार. एकदा म्हणाला, त्या मजुरांतल्या एकाने मला त्याच्या मुलीचं नाव काय ठेवू म्हणून विचारलं होतं. मिस्तरी तेव्हा उठून बाहेर गेला आणि जिन्यात भिंतीला टेकून उभा राहिला. माणूस रडतो तेव्हा त्याची छाती कशी हलते ते मी खिशातून अनुभवले आहे. पण परत आत आल्यावरही तो बोलला नाही. मला त्याचा राग आला होता. अजूनही येतो.

एकोणिसाव्या दिवशी कंपनीचा कारकून जबानीचा कागद घेऊन आला. धाकट्याने उशीला टेकून पेन हातात घेतले. तेव्हा कुठे मिस्तरीच्या तोंडून शब्द फुटले.

"थांब. सही करू नकोस. ब्रेक माझ्यामुळे गेला. अर्धा फेरा जास्त होता, काढायचा राहिला."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

"दादा, काच मी फोडली होती तेव्हाही तू असंच म्हणाला होतास," तो म्हणाला. "या वेळी नको. सहा माणसं आहेत."

आणि त्याने सही केली.

मिस्तरीने खूप समजावले. कारकूनही ऐकून घेऊन निघून गेला. धाकट्याची बायको तेवढी मिस्तरीकडे बघत राहिली. ज्याने जन्मभर भावासाठी खोटे सांगितले, त्याचे खरे कोण मानणार?

मिस्तरी तडक धाकट्या मालकांकडे गेला आणि सगळे सांगितले. त्यांनी उरलेल्या अकरा फिटरांना बोलावले. अर्धा फेरा देता का, म्हणून एकेकाला विचारले. सगळ्यात उंच फिटर होता, त्याला लंबू म्हणत. तो मिस्तरीचा जिवलग. त्याने जमिनीकडे बघत नाही म्हटले. त्याच्यामागे सगळ्यांनी नाही म्हटले. आवारात उभ्या असलेल्या अकरा बसचे नट तपासले, तर सगळे पुस्तकातल्या मापावर. असणारच. प्रत्येकाने आपापला अर्धा फेरा मन लावून काढला होता. धाकट्या मालकांनी मिस्तरीच्या पाठीवर हात ठेवला आणि महिनाभर रजा घ्यायला सांगितले. त्यांना वाटले, भावाच्या दुःखाने याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

मिस्तरी म्हणाला की रजा घेतो, पण आधी एक गाडी उतरवू द्या. समितीसमोर, पुस्तकातल्या मापाने ब्रेक बसवून. रेषेआधी थांबली तर मी खोटा. धाकटे मालक लगेच तयार झाले. त्यांनी लहानपणापासून शेकडो गाड्या रेषेआधी थांबताना पाहिल्या होत्या. याचे समाधान होत असेल तर होऊ दे, असा त्यांचा विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उतारापाशी जमले. मिस्तरीने ब्रेक बसवला आणि लंबूला माप तपासायला सांगितले. लंबू बसखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. माप बरोबर आहे, एवढेच तो म्हणाला. समितीच्या एका साहेबाने सुचवले की रेषेवर पिंप ठेवा, माणसाची गरज नाही. मिस्तरी म्हणाला, "नियम आहे, साहेब. ज्याने बसवला तो उभा राहतो." आणि तो खाली चालत गेला.

तो रेषेवर उभा राहिला. हात बाजूला, पाय जुळवलेले. त्याला मरायचे होते का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचे काळीज मात्र त्या बसखालच्या दुपारसारखे धडधडत नव्हते. अगदी सावकाश चालले होते.

बस सुटली. निम्म्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. टायर करकरले, वेग कमी झाला, पण गाडी येतच राहिली. अकरा माणसे उताराच्या कडेला ओळीने उभी होती आणि अकराही जणांना ती कुठे थांबणार हे इंचाइंचाने ठाऊक होते. लंबू पळत सुटला. त्याने मिस्तरीला कमरेला मिठी मारून बाजूला फेकले आणि दोघे गवतात पडले. बसची पुढची चाके रेषा ओलांडून सहा पावले पुढे गेली आणि मग थांबली.

लंबू गवतातून उठला नाही. तिथेच बसून म्हणाला, "आम्ही सगळेच देतो, साहेब. वीस वर्षं देतोय. नाही दिला तर ही गाडी इथे थांबतच नाही."

धाकटे मालक बसच्या चाकांकडे बघत होते आणि मग रेषेकडे.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. धाकट्यावरची केस मागे घेतली गेली. मिस्तरीवर चालली आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कंपनीने रेषा वीस पावले मागे नेली आणि नवे कॅलेंडर छापले, पण गिऱ्हाईक आता वाकून आसावर बोट फिरवत नव्हते. ऑर्डरी आटल्या. चार वर्षांनी फाटक बंद झाले. तीनशे घरे होती त्यामागे, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे.

पण मिस्तरीला जी खरी शिक्षा झाली, ती कोर्टाने दिलेली नव्हती. रेषेवरच्या त्या सकाळनंतर तो संध्याकाळी दवाखान्यात गेला. लंबूने आधीच येऊन धाकट्याला सगळे सांगितले होते. धाकट्याचे डोळे ओले होते. आपण सहा माणसे मारली नाहीत, हे त्याला पहिल्यांदा कळत होते. त्याने दादाचा हात धरला. म्हणाला की चूक कोणाच्याही हातून होते, त्या दिवशीची गडबडच तशी होती, तू काही मुद्दाम केलं नाहीस. मिस्तरीने तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. मलाही वाटले, थांब. मग धाकट्याने सहज विचारले.

"तुला आठवलं कधी? बातमी आल्यावर?"

मिस्तरीने हो म्हटले असते तर कोणाला कळले असते? मी तर खिशातला, मला कोण विचारतो. पण त्याने मान हलवली.

"त्याच दिवशी. दुपारी. जेवणाच्या सुट्टीआधी."

धाकटा हिशेब करत असावा. मग म्हणाला, "मी तीनला चौकीवर पोचलो. चहा घेतला. अर्धा तास बसलो होतो तिथे. फोन माझ्या कोपराशी होता, दादा."

त्याने आपला हात काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मिस्तरी म्हातारा झाला आहे. महिन्यातून एकदा तो भावाच्या घरी जातो. भावजय त्याला बसायला देते, पाणी देते, मुलांचे सांगते. आतल्या खोलीत कुबड्यांचा आवाज येतो, पण धाकटा बाहेर येत नाही. तासभराने मिस्तरी उठतो. परत येताना त्याचा हात खिशात माझ्याभोवती असतो. दुसरे काही धरायला नसते म्हणून असेल.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला विनवतो की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. माझ्यासारख्या खुणेवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका, एवढेच माझे मागणे आहे. ती कोणी उमटवली आणि तेव्हा त्याच्या मनात कशाची भीती होती, ते विचारत जा. नियम जुना आहे म्हणून पुसायला घाबरू नका. माझ्या मालकाची रेषा माणूस वाचवायला ओढलेली होती. आम्ही माणसापेक्षा रेषेला जपले.

आणि आणखी एक. तुमच्या हातून काही राहून गेले असेल आणि ते फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर पुस्तक इथेच मिटा. उठा आणि जाऊन सांगा. ओरडा बसेल, मार बसेल, सगळे हसतील. तरीही आत्ताच जा, कारण कोणीतरी अजून चहा पीत बसलेले असेल.